पाच नोंदण्या आणि आमचे टाइमकीपर आप्पा

नंदुरबार जिल्ह्यातील तमाम व्यापारी, शेतकरी, नोकरदार आणि इतर सज्जनांना जड अंतःकरणाने कळवण्यात येतं की, सातपुड्याच्या माथ्यापासून तापीच्या पात्रापर्यंत आमच्या टाइमकीपर आप्पांइतका निरुपद्रवी दिसणारा आणि आप्पांइतकी नासधूस करणारा माणूस दुसरा नाही. हे निवेदन मी पूर्ण शुद्धीत करतो आहे. शहादा रस्त्यावरच्या आमच्या कापसाच्या जिनमध्ये मी हिशेबाचं टेबल सांभाळतो, आप्पा हजेरीचं, आणि या दोन टेबलांमध्ये अठरा वर्षं फक्त एक पाण्याचा माठ आहे. त्यामुळे माझी साक्ष कोणत्याही कोर्टात टिकेल.

वरून पाहाल तर माणूस गरीब गाय. कळसाडीहून सकाळच्या एसटीनं येणार, पांढरी टोपी, खिशाला तीन पेनं, ऑफिसच्या उंबऱ्याबाहेर चपला काढणार आणि कापसाच्या ढिगावर बसलेली चिमणीसुद्धा उडू नये अशा पावलांनी आत येणार. पण या माणसाच्या हाती छापील कागद देऊन पाहा. छापील तक्ता दिसला की त्यात एक रकाना वाढवल्याशिवाय आप्पांना अन्न गोड लागत नाही. "भाऊ, छापनारानं डोकं आठेच थांबी गयं," असं ते मला कागद दाखवून हळहळत सांगतात, आणि पट्टी घेऊन उजवीकडे एक नवी रेघ ओढतात. सरकारी दवाखान्यात त्यांच्या केसपेपरवर वय, वजन आणि तक्रार यांच्या शेजारी त्यांनी स्वतःच्या हातानं 'डॉक्टर घाईत होते का?' असा रकाना आखला आणि त्यात 'होय' असं भरूनही टाकलं. माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका मी विश्वासानं तपासायला दिली, तर शुद्धलेखनाची एकही चूक न काढता त्यांनी खाली एक ओळ घातली : 'वराचे मामा थोडे तापट आहेत, सांभाळून घ्यावे.' प्रेसवाल्यानं ती इमानदारीनं पाचशे पत्रिकांवर छापली. मामा लग्नभर इतके शांत राहिले, की त्यांच्या बायकोनं दोनदा त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. मी मात्र तीन दिवस मांडवाच्या मागच्या बाजूनं ये-जा केली.

या रोगाचं मूळ हजेरीच्या मस्टरात आहे. आमच्याकडे हंगामाला मोलगीकडच्या डोंगरातली माणसं कामाला येतात. त्यांच्यात मूल ज्या वारी जन्मलं त्या वाराचं नाव देण्याची रीत. त्यामुळे बुधवारी जन्मलेले जितके, तितके बुध्या; सोमवारचे सोम्या; आणि आडनावंही त्याच दोन-चारांतली. एका हंगामाला आमच्याकडे तीन बुध्या वसावे असतात. दुसरा कुणीही टाइमकीपर गडबडला असता. आप्पांनी पहिल्याच वर्षी मस्टरात 'शेरा' नावाचा रकाना आखला आणि त्यात माणसं ओळखून ठेवली. 'बुध्या, डाव्या हातानं जेवतो.' 'बुध्या, गाणारा.' 'बुध्या, याला हाक मारली की आधी रागावतो, मग येतो.' हा रकाना वर्षागणिक रुंदावत गेला. शेवटी हजेरीच्या खुणा कागदाच्या कडेला चिकटून बसल्या आणि मधल्या मैदानावर शेरेच शेरे पसरले. कोणाची बायको रुसून माहेरी गेली, कोणाला ताप आहे पण सांगत नाही, कोणाला चहात साखर जास्त लागते. मी एकदा म्हटलं, "आप्पा, हे मस्टर आहे की कादंबरी?" आप्पा जराही न हसता म्हणाले, "भाऊ, हजेरी म्हंजे मानूस उना का नही, इतलंच नही ऱ्हास. कोन उना, ते बी लिखनं पडस."

अशा माणसाच्या आयुष्यात यंदा फेब्रुवारीत छोटे शेठ एक सॉफ्टवेअर घेऊन आले.

छोटे शेठ म्हणजे मालकांचे चिरंजीव. पुण्याला शिकून आलेले, स्वभावानं चांगले, पण प्रत्येक गोष्ट बटणावर झाली पाहिजे या मताचे. ऑडिटरचं पत्र आलं होतं, की यापुढे मजुरी बँकेतूनच द्यायची. आणि बँकेला लागणारी फाइल या पगाराच्या सॉफ्टवेअरमधूनच निघणार होती. सॉफ्टवेअरचा स्वभाव एखाद्या कडक सोवळ्यातल्या आजीबाईसारखा. कोणाच्याही हातचं खाणार नाही. हजेरी फक्त कंपनीनं दिलेल्या एक्सेलच्या कोऱ्या टेम्प्लेटमध्येच भरायची. ते टेम्प्लेट आधी परवान्याची पंचवीस अक्षरी किल्ली घालून नोंदवायचं. नोंदणी मंजूर झाली की मग त्यात हजेरी भरून आत घालायची. कोऱ्या टेम्प्लेटमध्ये एक रेघ जरी इकडची तिकडे झाली, तरी नोंदणी नामंजूर. आमच्या परवान्यात नोंदण्या होत्या पाच, आणि नामंजूर झालेलीही त्या पाचांतच धरायची होती. पाच संपल्या तर नवा अर्ज, नवी मंजुरी, पंधरा दिवस. शिवाय परवाना एकाच कंप्युटरला, आणि हजेरीचं काम म्हणून तो कंप्युटर ठेवला होता आप्पांच्या टेबलावर! छोट्या शेठनी हा निर्णय घेतला त्या दिवशी मी रजेवर होतो. ती रजा मी आजही स्वतःला माफ केलेली नाही.

पंधरा दिवस कोणाकडेच नव्हते. होळी तोंडावर होती आणि होळीआधी डोंगरात भोंगऱ्याचा बाजार भरतो. ज्यानं तो पाहिला नाही त्याला कसं सांगावं! हंगामभर जिनमध्ये कापूस उपसणारी माणसं त्या बाजारासाठी जगतात. ढोल, नवं लुगडं, पोरांना साखरेच्या माळा, सगळं त्याच दिवशी. आप्पांनी गेले सव्वीस हंगाम डोंगरच्या माणसांना एकच शब्द दिला होता : भोंगऱ्याच्या आधी मजुरी हातात. सव्वीसही वेळा तो पाळला होता. हा सत्ताविसावा हंगाम त्यांचा शेवटचा, होळीनंतर ते निवृत्त होणार होते. गुरुवारी दुपारी मोलगीच्या जीपगाड्या फाटकाशी लागणार होत्या. मजुरांच्या वतीनं सेगीबाई सोमवारी सकाळीच येऊन उभी राहिली. ही त्या सगळ्यांची पुढारीण. डोंगरातल्या भाषेत आदराचं 'तुम्ही' नाही, त्यामुळे ती मालकांपासून मांजरापर्यंत सगळ्यांना 'तू' म्हणते.

"आप्पा, तू बोलला होता. गुरुवारी पैसा."

"बोलेल शे," आप्पा म्हणाले. "मी बोलनू म्हंजे व्हई गयं."

त्यानंतर जे झालं ते नोंदणीवार सांगतो.

पहिली नोंदणी सोमवारी दुपारी नामंजूर. कारण लगेच सापडलं. कोऱ्या टेम्प्लेटच्या उजव्या टोकाला आप्पांनी 'शेरा' हा रकाना घातला होता. छोटे शेठ म्हणाले, "आप्पाजी, प्रत्येक माणसाला नंबर दिलाय. शेऱ्याची गरजच नाही." आप्पांचा चेहरा उतरला. "नंबरवरथीन मानूस वयखू येस का शेठ?" पण सेगीबाई खिडकीबाहेर बसली होती. आप्पांनी तिच्याकडे पाहिलं, आपल्या हातानं रकाना काढला आणि माठावर हात ठेवून शपथ घेतली, की या तक्त्यात आता एकही रकाना वाढवणार नाही. त्यांनी ती अक्षरशः पाळली, हेच आमचं दुर्दैव.

मंगळवारी नवं टेम्प्लेट उतरवून आप्पांच्या कंप्युटरवर ठेवलं. मी स्वतः किल्ली घातली, पंचवीस अक्षरं, एकेक मोठ्यानं म्हणत. नामंजूर. छोटे शेठ आणि मी टेम्प्लेट उघडून बसलो. मथळे कंपनीच्या पुस्तिकेशी ताडून पाहिले. नाव, नंबर, हजर दिवस, बँक खातं, सगळं जागच्या जागी. एक रकाना जास्त नाही, एक कमी नाही. "आप्पा, तुम्ही हात लावला होता का?" आप्पा म्हणाले, "नही भाऊ, रकानाले हात बी नही लाया. नुस्ता कागद सुरू करी ठेवेल शे." आम्ही विश्वास ठेवला. आप्पा खोटं बोलत नाहीत, एवढ्यावर तर जिन चालते.

बुधवारी तिसरी नोंदणी गेली. मग आमची अवस्था घरात चोर शिरलाय हे कळूनही तो न दिसणाऱ्या माणसांसारखी झाली. छोट्या शेठनी इंटरनेटची वायर बदलली. मी कीबोर्ड उलटा करून झटकला, त्यातून शेंगदाण्याची सालं आणि एक बटण पडलं, ते माझ्याच शर्टाचं निघालं. मोठ्या शेठचा म्हणजे मालकांचा फोन आला, की कंप्युटरचं तोंड दक्षिणेला आहे, ते फिरवा. फिरवलं. गाठी बांधण्याच्या प्रेसवरच्या फिटरनं सांगितलं, व्होल्टेज कमी पडतंय. त्यासाठी अर्धी जिन बंद ठेवली, आणि गाठी बांधणारी माणसं येऊन खिडकीशी उभी राहिली. त्या शांततेत दुपारी चौथी नोंदणी केली. पडद्यावर तांबडी अक्षरं उमटली आणि बाहेरच्या गर्दीतून, वाचता न येणाऱ्या माणसांनाही ती कळल्यासारखा एक सुस्कारा आला. सेगीबाईनं कंप्युटरकडे बोट दाखवून विचारलं, "आप्पा, तुझा डबा मान्य करत नाही का?" त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही. म्हणजे जेवणाचा.

संध्याकाळी एसटीला जाताना ते मला म्हणाले, "भाऊ, सव्वीस साल मन्हा शब्द गया नही. आते हाऊ डबा लई जाई." मी त्यांना धीर दिला. मला स्वतःलाच धीर नव्हता, त्यामुळे फार पुरला नाही.

गुरुवारी सकाळी उरली होती पाचवी. छोट्या शेठनी कंपनीच्या मॅडमना फोन लावला. कंपनीचं नाव घेत नाही, कारण मॅडमचा आवाज फार सज्जन होता. त्या म्हणाल्या, "सर, टेम्प्लेट पुन्हा नव्यानं उतरवून ठेवा. कंप्युटरचा पडदा मला दिसेल अशी जोडणी करून देते. आज मी बघते, मगच किल्ली घाला." टेम्प्लेट ठेवलं. जोडणी झाली. मॅडमना तिकडे पुण्यात आप्पांचा पडदा दिसू लागला. आप्पांना "पाच मिनिटं बसा" सांगून छोटे शेठ आणि मी किल्लीचा कागद आणायला केबिनमध्ये आलो. फोन स्पीकरवर होता. मी कपाट उघडतोय तोच मॅडमचा आवाज आला.

"सर, तुमच्याकडे आत्ता कोणी टाइप करतंय का?"

"नाही हो. आम्ही केबिनमध्ये आहोत."

"मग ही नवी ओळ कोण घालतंय? सगळे मथळे एक ओळ खाली गेले... सर, कोणीतरी सगळ्यात वर 'श्री' लिहितंय."

छोट्या शेठनी माझ्याकडे पाहिलं. मी छोट्या शेठकडे पाहिलं. आम्ही दोघांनी काचेतून बाहेर पाहिलं. आप्पा टोपी नीट करून, डोळे मिटून, कंप्युटरसमोर हात जोडून बसले होते.

आता मला सांगा, चारदा तो तक्ता आम्ही उघडला होता. अक्षरन् अक्षर वाचलं होतं. आणि वर मधोमध लिहिलेला 'श्री' आम्हाला दिसला नव्हता! का दिसावा? माझ्या वहीवर तो आहे. मालकांच्या चोपडीवर आहे. किराण्याच्या यादीवर, लग्नाच्या पत्रिकेवर, उसन्या सायकलच्या चिठ्ठीवर आहे. जन्मल्यापासून जो प्रत्येक कागदाच्या माथ्यावर पाहिला, त्याच्याकडे कोण पाहतो? तो नसता तर कदाचित आम्ही दचकलो असतो. पुण्याच्या मॅडम आमच्या ऑफिसात वाढलेल्या नसल्यामुळे त्यांना तो एका झटक्यात दिसला.

छोटे शेठ ओरडत बाहेर गेले. "आप्पाजी! चार नोंदण्या! चार! सांगितलं होतं ना, काही वाढवायचं नाही!"

आप्पा खरोखरच गोंधळले. "रकाना नही वाढाया शेठ. माठनी आन." मग पडद्याकडे पाहून, एखाद्या लहान पोराला समजवावं तसं म्हणाले, "हाऊ तं श्री शे. श्री नही लिखं तं कागद सुरू कसा व्हई?"

"आप्पाजी, हे सॉफ्टवेअर आहे. मिटवा ते."

आप्पांचं बोट कीबोर्डपर्यंत गेलं आणि तिथंच थांबलं. छोटे शेठ म्हणाले, "सरका, मी मिटवतो," तेव्हा आप्पांनी त्यांचा हात धरला. नोकरानं मालकाचा हात धरण्याची आमच्या जिनमधली ही पहिलीच वेळ असावी.

"शेठ, तुम्ही तवय पुनाले शिकाले व्हतात," आप्पा हळू आवाजात म्हणाले. "त्या सालले मी घाईमा मस्टरवर श्री लिखाले भूली गऊ. एकच साल. आनि तिसरा दिन सेगीबाईना हात मशीनना पट्टामा गया. दोन बोटं गयात." सेगीबाई बसायची त्या खिडकीकडे त्यांनी पाहिलं नाही. "कोनले सांगं नही मी."

अठरा वर्षं मध्ये फक्त एक माठ, आणि मला हे माहीत नव्हतं. दर वर्षी मशीन सुरू व्हायच्या आधी आप्पा पट्ट्याच्या जाळ्या स्वतः हलवून का पाहतात, सेगीबाईला नेहमी सावलीतलं काम का देतात, यावर मी किती विनोद केले होते. ते सगळे विनोद त्या क्षणी माझ्यासमोर रांगेत उभे राहिले.

छोट्या शेठचा आवाज पार बदलला. "आप्पाजी, मग काय करू? तुम्ही सांगा. ही शेवटची आहे."

फाटकाशी जीपचा हॉर्न वाजला. दुसऱ्या जीपचाही वाजला. आप्पा उठले, माठातल्या पाण्यानं हात धुऊन आले, परत बसले. "मन्हा हाततून व्हयनं, मीच मिटाडसू," ते म्हणाले. मग पडद्यासमोर हात जोडून, शेजाऱ्याला बाकावर जागा मागावी तसं म्हणाले, "जरासा बाजूले सरक देवा. गरीबना काम शे." आणि ती ओळ त्यांनी काढून टाकली. मथळे एक ओळ वर सरकले. मॅडम म्हणाल्या, "आता बरोबर आहे. घाला किल्ली." मी अक्षरं वाचली, छोट्या शेठनी टाइप केली. पडद्यावर हिरवी पट्टी आली : नोंदणी मंजूर.

नंतर आप्पांनी जे केलं ते पाहून मी तोंडात बोट घातलं. ज्या नंबरांची ते चेष्टा करत होते, ते सगळे त्यांना पाठ होते. अकरा नंबर गाणारा बुध्या, सव्वीस नंबर डावरा, चाळीस नंबर रागीट. तासाभरात हजेरी भरली, आत गेली, बँकेची फाइल निघाली, छोटे शेठ मोटारसायकलनं बँकेत गेले, आणि दोन वाजता आवारात एकामागून एक मोबाइल किणकिणू लागले. गाणाऱ्या बुध्यानं तिथंच एक गाणं सुरू केलं. मी खुर्चीत मागं रेललो. चार दिवसांत पहिल्यांदा पाठ खुर्चीला टेकली.

आप्पा मात्र जागेवर नव्हते. फाटकाशी पाहिलं, तर चपला न घालता ते एका जीपकडून दुसऱ्या जीपकडे जात होते. प्रत्येक ड्रायव्हरला घाट सावकाश उतरायला सांगत होते, टायर दाबून पाहत होते, टपावर बसलेल्यांना खाली उतरवत होते. शेवटच्या जीपमध्ये सेगीबाई दाराशी बसली होती. दर हंगामाला पहिल्या दिवशी आप्पा नवं मस्टर उघडायचे तेव्हा रांगेत पहिली तीच असायची, आणि तिच्यादेखतच ते हात जोडून पहिलं अक्षर लिहायचे. पुढच्या हंगामाला मस्टर उघडणारा दुसरा कोणी असेल, हे तिला अजून कोणी सांगितलं नव्हतं. आप्पांनाही ते सांगता आलं नाही. त्यांनी तिच्या अधू हाताकडे बघत दुसरंच सांगितलं.

"सेगीबाई, औंदा कागदवर श्री नही शे. माले मिटाडना पडना. त्या साले बी नही व्हता, म्हनिसन तुन्हा हात गया. घर पोहोचस तवलोंग हात संभायजो."

सेगीबाईनं आपला हात वर धरून उलटसुलट पाहिला. "हे? हे तर मला झोप लागली म्हणून गेलं. रात्री पोराला ताप होता." मग तिच्या कपाळाला आठी पडली. "आणि सगळ्यात वर तू श्री लिहितो?"

"हाव. मंग काय लिखू?"

जीप हलली. सेगीबाई दारातून अर्धी बाहेर वाकली आणि सगळ्या आवाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"आप्पा, इतके साल तू हात जोडून लिहितो, आणि मी समजली वर माझं नाव लिहितो!"